घड्याळजींच्या डोळ्यावरची वाटी

"हलू नका," बायको म्हणाली.

"मी कुठे हलतोय? तूच हलू नकोस. तुझ्या पायाखाली असेल," घड्याळजी म्हणाले.

ते उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून बसले होते. डाव्या हातात चिमटा तसाच होता, पण चिमट्यात काही नव्हतं. दोन सेकंदांपूर्वी त्यात एक स्प्रिंग होती. नखाच्या कडेएवढी, केसापेक्षा थोडी जाड. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या वडिलांच्या घड्याळातली. असं घड्याळ आता कुणी बनवत नाही, तशी स्प्रिंगही कुठे मिळत नाही, आणि मुख्याध्यापक पाच वाजता येणार होते. पाच म्हणजे पाच. घाम पुसायला घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग क्षणभर कपाळावर सरकवलं, नेमक्या त्याच क्षणी चिमटा निसटला. 'टिक' असा बारीक आवाज झाला, घड्याळजी "आई गं!" म्हणाले आणि स्प्रिंग नाहीशी झाली.

बायको जेवणाचा डबा घेऊन नुकतीच दुकानात शिरली होती. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. शनिवारी तिची शाळा दुपारी तीनला सुटायची आणि दोघं उशिरा दुकानातच जेवायचे.

"हात काढा डोळ्यावरून."

"काही झालेलं नाही. जरा चुरचुरतंय."

"चोळू नका! अहो, चोळताय कशाला?"

"चोळत नाहीये. धरून बसलोय."

"तळहात गोल फिरतोय तुमचा."

घड्याळजींनी हात काढला. डोळा लालबुंद झाला होता आणि त्यातून पाण्याची धार लागली होती. पापणी उघडली की मिटत होती, मिटली की परत उघडवत नव्हती. बायकोनं एकदाच बघितलं आणि डबा खाली ठेवला.

"चला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे."

"वेड लागलंय का तुला? आधी स्प्रिंग शोधू."

"स्प्रिंग डोळ्यात गेली असेल तर?"

"म्हणून तर म्हणतोय, आधी शोधू," घड्याळजी शांतपणे म्हणाले. "जमिनीवर सापडली म्हणजे डोळ्यात नाही. मग डॉक्टरकडे जायचं कारणच उरत नाही. आणि नाही सापडली, तर मग बघू."

तीस वर्षांच्या संसारात बायकोला एक गोष्ट पक्की कळली होती. नवऱ्याचं बोलणं जितकं मुद्देसूद, तितकं ते बिनबुडाचं असतं. पण तिनं उत्तर द्यायच्या आत घड्याळजी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली गेलेसुद्धा. तिथून आवाज आला, "बॅटरी दे."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या केशकर्तनालयातून न्हावी आला. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता आणि मागे त्याचं अर्धवट भादरलेलं गिऱ्हाईक दारातून डोकावत होतं.

"काय झालं वहिनी?"

"यांच्या डोळ्यात स्प्रिंग उडाली."

"एवढंच ना? आणा इकडे. आमच्याकडे रोज कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात केस जातो. पापणी उलटी करायची, टॉवेलचं टोक ओलं करायचं आणि अलगद—"

"टॉवेल लावायचा नाही."

"बरं, मग फुंकर मारू."

"फुंकरही मारायची नाही!"

"वहिनी, वीस वर्षं मारतोय. एकाचाही डोळा गेला नाही."

"केस गेला तर पाण्यानं धुतलं की निघतो, भाऊ. धातूचा तुकडा उडून जोरात लागला असेल तर तो आत रुतलेला असू शकतो. धुवायचं नाही, काढायला जायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. फक्त झाकायचं आणि डॉक्टर गाठायचा."

न्हावी जरा दचकला. "हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तक्ता आहे, 'डोळ्याला इजा झाल्यास'. अठरा वर्षं दर सोमवारी पुसतेय मी तो."

टेबलाखालून आवाज आला, "सापडली!"

क्षणभर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घड्याळजी बाहेर आले. बोटाच्या टोकावर एक स्प्रिंग होती. ती त्यांनी उजव्या डोळ्यासमोर धरली, डोळा उघडेना. डाव्या डोळ्यासमोर धरली, जवळ नेली, आणखी जवळ नेली, पार नाकाला टेकवली. मग बायकोकडे देऊन म्हणाले, "जरा सांग गं, हिचं टोक वाकडं आहे की सरळ?"

"सरळ."

"मग ही ती नाही. ही तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा हिच्यासाठी केवढं शोधलं होतं!" आणि डोळ्याचं दुखणं विसरून ते मनापासून हसले.

बायको हसली नाही. "सापडली तर डोळ्यात नाही, म्हणालात. ती सापडली नाही. म्हणजे आता चला."

"अजून कपाटाखाली बघितलेलं नाही."

एवढ्यात मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. लाउडस्पीकर दुरुस्त करायचा आणि जगातल्या बाकी सर्व गोष्टींवर सल्ले द्यायचा. त्यानं एका दमात हकीकत ऐकून घेतली आणि चुटकी वाजवली.

"ताई, स्प्रिंग कशाची असते?"

"पोलादाची."

"मग? माझ्या पिशवीत स्पीकरचं लोहचुंबक आहे. हे एवढं, बशीएवढं. भावोजींच्या डोळ्यासमोर धरतो. असेल तर टकन् बाहेर!"

"बाहेर येताना बुबुळ घेऊन येईल!" बायको ओरडली. "हात लाव बघू त्या पिशवीला."

"मोठ्या दवाखान्यात असंच काढतात. मी वाचलंय."

"तिथे डॉक्टर काढतात. स्पीकरवाले नाही काढत."

मेहुणा दुखावला. न्हाव्यानं त्याची समजूत काढली. मग दोघांनी मिळून बायकोची समजूत काढायला सुरुवात केली. या गडबडीत घड्याळजी पुन्हा हळूच डोळा चोळत कपाटाखाली सरकू लागले. बायकोनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून त्यांना उभं केलं आणि खुर्चीत बसवलं.

"आता मी सांगते तसं करायचं. मान हलवायची नाही. दोन्ही डोळे मिटून बसायचं."

तक्त्यावर लिहिलं होतं, 'डोळ्यावर दाब न देता पेल्यासारखी वस्तू ठेवून झाकावे.' पेला मोठा होता. डब्यात मिठाची छोटी स्टीलची वाटी होती, खोलगट, डोळ्याच्या खोबणीच्या कडेवर नेमकी बसेल अशी. बायकोनं मीठ झाकणात ओतलं, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि नळाखाली वाटी धुतली. एकदा, दोनदा, तीनदा.

"यात मीठ असतं!" घड्याळजी किंचाळले.

"तीनदा धुतलीय."

"चौथ्यांदा धू."

तिनं चौथ्यांदा धुतली, कोरडी केली, अलगद डोळ्यावर ठेवली आणि न्हाव्याकडच्या पांढऱ्या पट्टीनं डोक्याभोवती बांधली. न्हाव्यानं धंद्याला शोभेल अशी कानामागे नीट गाठ मारली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"शोभतंय," तो म्हणाला.

"मुख्याध्यापक आले तर काय सांगू?" मेहुण्यानं विचारलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेत म्हणून सांग. आणि कशाला हात लावू नकोस," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता. घड्याळजींनी ते अंतर कापायला अर्धा तास लावला. आधी त्यांना दुकानाची पायरी दिसली नाही. मग एका उभ्या सायकलला धडकले. मग कापडाच्या दुकानासमोर थांबून त्यांनी हात जोडले आणि आदरानं म्हणाले, "नमस्कार. तुमचं काम मंगळवारी होईल."

बायकोनं बघितलं. समोर कोट घातलेला लाकडी पुतळा उभा होता.

"अहो, पुतळा आहे तो!"

"माहितीये. चेहरा ओळखीचा वाटला."

"त्याला डोकंच नाहीये!"

थोडं पुढे गेल्यावर ते गटाराच्या दिशेनं वळले. बायकोनं दंड धरून ओढलं.

"दुसरा डोळा तर उघडा आहे ना? बघून चालता येत नाही?"

"एका डोळ्यानं बघायची सवय नाही मला."

बायको रस्त्यातच थांबली. "जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून बसलात! तुम्हाला नाही, तर कुणाला सवय असणार?"

"तो उजवा. तो बघणारा डोळा आहे. डावा... डावा आपला जोडीला आहे."

येणारेजाणारे वाटीकडे बघत होते. एका बाईनं आपल्या लहान मुलीला हळूच सांगितलं, "अशी डोळ्यात बोटं घातली की असं होतं बघ." घड्याळजी वळून म्हणाले, "मी बोट घातलं नव्हतं, बाई." पण ते विजेच्या खांबाकडे तोंड करून बोलले.

दवाखान्यात शिरताना त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "आता खरंच कमी झालंय गं. चल परत. उगाच त्यांचा वेळ..."

"आत व्हा."

बाकावर चार माणसं होती. पण वाटी बघताच तिथल्या मदतनीस बाईंनी त्यांना रांग सोडून पुढे घेतलं. आतल्या खोलीत एक ट्रकचालक खुर्चीत बसून अक्षरांचा तक्ता वाचत होता. त्याचं वाचून होईपर्यंत घड्याळजींना दारालगत उभं केलं. आतापर्यंत कुरकुर करणारे घड्याळजी एकदम गप्प झाले. मान तिरकी करून, कान देऊन ऐकू लागले. ओठ हलत होते. बायकोला वाटलं, बिचारे देवाचं नाव घेताहेत. तिचा राग थोडा निवळला.

ट्रकचालक उठला. घड्याळजी बसले. मदतनीस बाईंनी वाटी हलक्या हातानं काढली, तिच्याकडे क्षणभर कौतुकानं बघितलं आणि म्हणाल्या, "इजा झाली तरी आधी दोन्ही डोळ्यांची नजर बघावी लागते. उजव्यानं बघा. दुखेल, पण प्रयत्न करा."

पाणी गळत असतानाही उजव्या डोळ्यानं त्यांनी वरच्या तीन ओळी वाचल्या. मग बाईंनी उजवा डोळा झाकला. "आता डावा. वाचा."

घड्याळजींनी घसा खाकरला आणि शाळेतल्या हुशार मुलासारखं खणखणीत आवाजात म्हणायला सुरुवात केली. "ट. प, ल. म, ख, न. ग, त, र, ध... नाही, थांबा, घ... नाही, ध. पुढचं चष्म्याशिवाय जमत नाही, रात्रपाळी होती."

मदतनीस बाईंनी तक्त्याकडे बघितलं, मग घड्याळजींकडे.

"काका," मदतनीस बाई म्हणाल्या, "रात्रपाळी त्या ट्रकवाल्या दादांची होती."

"अं?"

"आणि तक्ता या भिंतीवर आहे. तुम्ही माझ्या छत्रीकडे बघताय."

बायकोनं छत्रीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. पायरी, सायकल, पुतळा, खांब हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेलं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी उजवा डोळा घेतला. थेंब टाकून दुखणं बधिर केलं, मग रंगाचा थेंब टाकला, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि निळा उजेड सोडून बराच वेळ आत बघितलं. पापणी उलटी करून वर बघितलं, खाली बघितलं. बायको श्वास रोखून उभी होती.

"आत काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर ओरखडा आहे. स्प्रिंग घासून निघून गेली. तीनचार दिवसांत भरून येईल. चोळला होतात का?"

"नाही," घड्याळजी म्हणाले.

"हो," बायको म्हणाली.

"आणखी चोळला असता, कुणी कापडानं काढायला गेलं असतं, तर ओरखडा खोल गेला असता. जंतू शिरले असते तर नजर जाऊ शकली असती. वाटी कुणी बांधली?"

बायकोनं मान खाली घालून सांगितलं, "मी. मिठाची होती. चारदा धुतली."

"उत्तम केलंत." मग त्या डाव्या डोळ्याकडे वळल्या आणि थोड्या वेळानं यंत्रामागून बाहेर येत म्हणाल्या, "आता हे सांगा. या डोळ्यात एवढा मोठा मोतीबिंदू आहे. किती दिवस दिसत नाही?"

घड्याळजींनी खिशातून रुमाल काढला, घडी केली, परत खिशात ठेवला.

"दिवस नाही. दोन वर्षं."

"दोन वर्षं!" बायकोच्या तोंडून निघालं. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर तू इथे आणलं असतंस."

"मग इथे आणणं काय फाशी देणं आहे?"

"घड्याळजीचे डोळे गेले असं एकदा गावभर झालं की दुकानात कोण येतं गं?" ते हळू आवाजात म्हणाले. "एक चालू होता. काम होत होतं. म्हटलं, चाललंय तोवर चालू दे."

"आणि आज तो गेला असता तर?"

घड्याळजींनी रुमाल पुन्हा बाहेर काढला. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला तीन मुद्दे असत. बायकोनं पदरानं स्वतःचे डोळे टिपले आणि लगेच डॉक्टरीणबाईंना रागानं म्हणाली, "मी रडत नाहीये. मला यांचा संताप आलाय."

"दोन्ही एकदम येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता ऐका. ओरखडा भरला की मोतीबिंदूचं ऑपरेशन करू. छोटं असतं, दिसायला लागेल. तोवर काम बंद. पुढच्या वेळी कामाला बसाल ते भिंग किंवा संरक्षक चष्मा डोळ्यावर ठेवूनच. हे औषधाचे थेंब दर दोन तासांनी घालायचे, झोपेपर्यंत. पहिला मी आता पाच वाजता घातलाय. पुढचा बरोबर सात वाजता. उद्या सकाळी दाखवायला या. दुखणं वाढलं किंवा अंधुक दिसायला लागलं तर सकाळचीही वाट बघू नका. आणि थेंबांची वेळ चुकवू नका, अगदी घड्याळ लावून घाला."

घड्याळजींना जरा हुशारी आली. "डॉक्टर, घड्याळाचं तुम्ही आम्हाला सांगू नका."

परतताना बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला होता. पुतळ्याजवळ आल्यावर ती म्हणाली, "नमस्कार करायचा असेल तर करून घ्या." घड्याळजींनी पावलं भरभर उचलली.

दुकानाच्या दारात मेहुणा छाती काढून उभा होता. "भावोजी! सापडली!"

"काय?"

"स्प्रिंग! टोक वाकडं असलेली! मुख्याध्यापक पाचला आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'घड्याळाचं राहू दे, माणसाचा डोळा आधी.' आणि धोतर सावरून तेच जमिनीवर बसले शोधायला. जाताना सांगून गेलेत, 'डोळा बरा होऊ दे, महिना लागला तरी चालेल. दुसऱ्या कुणाच्या हातात मी हे घड्याळ देणार नाही.'"

घड्याळजी खुर्चीत टेकले. मुख्याध्यापकांचं घड्याळ त्यांनी ओंजळीत घेतलं. बायकोनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"पण सापडली कशी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अशी!" मेहुण्यानं पिशवीतून बशीएवढं लोहचुंबक काढलं. त्याला खिळे, टाचण्या, एक कात्री आणि मधोमध ती स्प्रिंग चिकटली होती. "म्हटलं, जमिनीवर नाही तर टेबलावर असेल. टेबलावरून फिरवलं. मग खणांतून. मग कपाटातून. एकही घड्याळ सोडलं नाही!"

घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला. "घड्याळांवरून फिरवलंस? चुंबक?"

"दोनदा."

घड्याळजींनी कान दिला. डोळ्यांचं काम नव्हतंच. टेबलावरची चावीची मनगटी घड्याळं टिकटिक करत नव्हती, धावत सुटली होती. काही उड्या मारत होती, काही मधूनच दम खात होती. बायकोचं टेबलावर काढून ठेवलेलं घड्याळ सव्वानऊ दाखवत होतं आणि घड्याळजींचं स्वतःचं, कामाला बसताना तिथेच काढून ठेवलेलं, साफ बंद पडलं होतं. भिंतीवरची पंचवीस तर मुळातच बिघडून आलेली.

"ताई," मेहुणा मागे सरकत म्हणाला, "मी जरा दुकान उघडं टाकून आलोय." आणि तो चुंबकासकट निघून गेला.

"थेंब," घड्याळजी मान मागे टाकत कण्हले. "सात वाजले का बघ."

बायकोनं एका भिंतीकडे बघितलं. तिथे साडेचार, पावणेबारा, दोन आणि सव्वासहा वाजले होते. तिनं दुसऱ्या भिंतीकडे बघितलं आणि बघायचं सोडून दिलं. हातात थेंबांची बाटली घेऊन ती तरातरा शेजारी गेली. न्हावी एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता.

"भाऊ, किती वाजले हो?"

न्हाव्यानं सवयीनं समोरच्या भिंतीवर बघितलं. तिथे एक खिळा होता आणि खिळ्याखाली रंग न उडालेलं एक गोल वर्तुळ.

"वहिनी," तो म्हणाला, "आमचं घड्याळ तीन महिने झाले, तुमच्याकडेच आहे की."